मिस्टर सुकती

कुवेतमध्ये जून महिन्यात गळ्याला लोकरीचा मफलर गुंडाळून बसची वाट पाहणारा माणूस मी आजवर एकच पाहिला. ऊन असं, की थांब्याच्या लोखंडी दांड्याला हात लावला तर कातडी तिथेच राहावी. शेजारी उभे असलेले चार-पाच जण सावलीचा एकेक चतकोर वाटून घेऊन उभे होते आणि सगळे याच माणसाकडे बघत होते. शेवटी एका फिलिपिनो मुलीला राहवलं नाही. "सर, आर यू सिक?" तिने विचारलं.

"नो, सिस्टर," तो म्हणाला. "ॲवे मॅच."

आणि बस आल्यावर मफलरचं एक टोक खांद्यावरून मागे टाकून तो राजासारखा चढला.

हे याकूबभाई होडेकर. जाब्रियातल्या एका खाजगी दवाखान्यात मी एक्स-रे काढतो. माझ्या खोलीच्या भिंतीपलीकडे प्लास्टर रूम होती आणि तिथे याकूबभाईंचं राज्य होतं. मी लोकांना काय मोडलंय ते दाखवायचो, ते झाकून टाकायचे. मला ते 'फोटोवाले' म्हणत. पेशंटची चाकाची खुर्ची दारातून आत आली की ओल्या हातांनीच विचारायचे, "काय आणलाव, फोटोवाले?" जणू मी बाजारातून बांगडे घेऊन आलोय.

रत्नागिरीकडच्या एका खाडीच्या तोंडावरचं त्यांचं गाव. वडिलांची होडी होती. बाविसाव्या वर्षापर्यंत याकूबभाई त्या होडीवर होते, मग कुवेतला आले. पहिली काही वर्षं दवाखान्यात फरशी पुसली, मग प्लास्टरवाल्याची बादली धरली, आणि बादली धरता धरता एक दिवस स्वतःच प्लास्टरवाले झाले. राहायचे मात्र जाब्रियात नाही, तासभर लांब फहाहीलला, गावच्याच चार माणसांबरोबर एका फ्लॅटमध्ये. एवढ्या लांब का राहता म्हणून विचारलं, तर म्हणाले, "तिथं खिडकीतून समुद्र दिसतो." मी एकदा गेलो होतो. खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते. टाकीच्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत, बोटभर, निळं काहीतरी दिसतं. तेवढ्यासाठी हा माणूस रोज दोन तास बसमध्ये घालवत होता.

कामाची त्यांची एक रीत होती. बादलीतलं पाणी ते कोपर बुडवून बघायचे, तान्ह्या बाळाला न्हाऊ घालताना बघतात तसं. आणि पेशंट कुठलाही असो, कुवेती, मिसरी, मल्याळी, त्याला ते कसा पडलास हे कधी विचारत नसत. विचारायचे, "कुठं निघाला होता?" आडवा पडलेला, कण्हणारा माणूसही या प्रश्नाने जरा उठून बसायचा. कुणी मुलाला आणायला शाळेत निघालेला असायचा, कुणी जुम्म्याच्या नमाजाला. याकूबभाई पट्टी भिजवता भिजवता सगळं ऐकून घ्यायचे. मला म्हणायचे, "पडलेला माणूस कुठंतरी निघालेला असतो, फोटोवाले. तो तिथं पोचला काय, ते कोण विचारीत नाय."

आता फुटबॉल. मी कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल हा खेळ नाही, तो पेठेचा मामला आहे. माझ्या सख्ख्या आत्याचं ठरलेलं लग्न एका पेनल्टीवरून मोडलं. मुलाकडचे म्हणाले गोल होता, आमचे आजोबा म्हणाले नव्हता. त्यामुळे कोणी मला फुटबॉल शिकवायला आलं की मी आधी हाताची घडी घालतो. आणि याकूबभाईंना फुटबॉलमधलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. ऑफसाइड त्यांना शेवटपर्यंत कळला नाही. त्यांचं मत असं, की पुढे गेलेल्या माणसाला परत बोलावणं ही वाईट सवय आहे.

झालं असं, की मार्चमध्ये, रमजानचा महिना होता, रोजा सोडायला तासभर अवकाश होता आणि वेळ जात नव्हता म्हणून याकूबभाई प्लास्टर रूममध्ये फोन चाळत बसले होते. फोनने त्यांच्यापुढे काय आणून टाकावं? फरो बेटांच्या पहिल्या लीगमधला एक सामना. युरोपच्या वर, समुद्राच्या मध्ये, नकाशावर माशी बसल्यासारखा एक देश आहे. सगळा देश मिळून इथल्या सुलैबिया वस्तीच्या एका कोपऱ्यात मावेल. त्या देशाची स्वतःची लीग आहे, वसंतात सुरू होऊन शरदात संपणारी. त्यातला सगळ्यात लहान गावाचा क्लब म्हणजे स्कारविक. या वर्षी पहिल्यांदाच वरच्या लीगमध्ये आलेला. खेळाडूंमध्ये एक सुतार, एक शाळामास्तर, चौघे मासळीच्या कारखान्यातले.

मैदान समुद्राला चिकटून. एका गोलच्या मागे डोंगर, दुसऱ्या गोलच्या मागे धक्का. याकूबभाई बघत असताना कुणीतरी चेंडू बारवरून मारला आणि तो थेट समुद्रात गेला. कॅमेरा त्याच्या मागे फिरला. धक्क्याला एक होडी बांधलेली होती. तिच्यातला माणूस चहाचा मग खाली ठेवून उठला, शांतपणे दोर सोडला, चेंडूपर्यंत गेला, जाळीच्या पिशवीने तो उचलला आणि मैदानात परत फेकला. मग चहाचा मग उचलला.

याकूबभाईंनी भिंतीवर थाप मारली. मी धावत गेलो, मला वाटलं कुणी पेशंट पडला. ते फोनकडे बोट दाखवत होते. म्हणाले, "हे तर आमचं गाव."

त्या दिवसापासून स्कारविकचं नाव त्यांनी आपल्या जिभेला बसेल असं करून टाकलं. सकारवाडी. "आज सकारवाडीची मॅच हाय." ऐकणाऱ्याला वाटावं, गुहागरच्या पलीकडे कुठेतरी ही वाडी आहे.

सकारवाडी हरत होती. नुसती हरत नव्हती, सातत्याने, मन लावून हरत होती. दवाखान्यात प्रत्येकाचा एक मोठा स्पॅनिश नाहीतर इंग्लिश क्लब होता, आणि सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे याकूबभाईंना निकाल विचारायला यायचे. याकूबभाई 'हरलो' म्हणत नसत. हाताचा पंजा पालथा धरायचे, आणि तो हळूहळू मागे सरकवत म्हणायचे, "सुकती."

वर या मोठ्या क्लबवाल्यांनाच ऐकवायचे, "तुमची टीम जिंकली, तर तुमी काय केलाव? ती तुमच्याशिवाय पण जिंकते." सामन्याच्या खाली किती जण बघतायत त्याचा आकडा दिसायचा. एकदा तो एकशे बेचाळीस होता. याकूबभाई आकड्यावर बोट ठेवून म्हणाले, "एकशे एक्केचाळीस तिकडचे." आणि मग तेच बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं.

केरळच्या मर्सीसिस्टरला त्यांची दया आली असावी. तिने मफलर विणून दिला. क्लबचा रंग निळा. मर्सीसिस्टरकडे लोकर जांभळी. त्यामुळे स्कारविकचा जांभळा मफलर जगात एकच निघाला, आणि तो कुवेतमध्ये.

एप्रिलच्या शेवटी एका शनिवारी दुपारी याकूबभाई माझ्या खोलीत आले. दार लावून घेतलं. म्हणाले, क्लबला पत्र लिहायचंय, इंग्रजीत. मला वाटलं अभिनंदन वगैरे असेल, पण अभिनंदन करण्यासारखं तिकडे काही घडत नव्हतं.

काय होतं, तर याकूबभाई सामना बघतच नव्हते. इतके आठवडे ते गोलमागच्या त्या होडीकडे बघत होते. नांगरलेल्या होडीचं तोंड कुठल्या बाजूला आहे, कधी वळतं, ती वळल्यावर किती वेळाने कोपऱ्यातला झेंडा उलटा फडफडायला लागतो. पाणी फिरलं की मागोमाग वारा फिरतो, आणि सकारवाडी दर वेळी दुसऱ्या हाफमध्ये नेमकी वाऱ्याच्या तोंडावर खेळते, असं त्यांचं म्हणणं. उद्याच्या सामन्यात नाणं जिंकलं तर कुठली बाजू घ्यावी, तेवढं कळवायचं होतं.

मी वर 'हॅलो फ्रॉम कुवेत' असं टाइप केलं. ते सांगू लागले. पहिल्या हाफला डोंगराकडचा गोल घ्या, दुसऱ्याला वारा तुमच्या पाठीवर येईल. का येईल? तर हाफटाइमनंतर सुकती लागते.

इथे मी अडकलो. म्हटलं, सुकती म्हणजे काय?

ते माझ्याकडे असे बघत राहिले, जसं मी विचारलं असावं की पाणी म्हणजे काय. पण माझीही बाजू समजून घ्या. कोल्हापूरला समुद्र नाही. रंकाळा आहे. रंकाळ्याचं पाणी सकाळी जिथे असतं तिथेच संध्याकाळी असतं. मी अंदाजाने म्हटलं, ओहोटी का? लो टाइड लिहू?

"लो काय? लो म्हणजे पाणी गेलं. संपलं," ते म्हणाले. "सुकती म्हणजे पाणी निघालंय. अजून गेलेलं नाय. तेवढ्यातच तर वारा फिरतो, फोटोवाले. लिवा, सुकती."

माझ्या इंग्रजीत निघालेल्या पण न गेलेल्या पाण्यासाठी शब्द नव्हता. मी लिहिलं, आफ्टर हाफ टाइम, सुकती. तो संदेशातला शेवटचा शब्द होता. ते एका ओळीत बसेना म्हणून तो खाली सरकला आणि ओळीवर एकटाच बसला. खाली नाव घालायचं दोघेही विसरलो. मी पाठवून दिलं.

सोमवारी उत्तर आलं. याकूबभाईंनी ते मला मोठ्याने वाचायला लावलं. "प्रिय मिस्टर सुकती, आम्ही तुम्ही सांगितल्याप्रमाणे केलं. दोन-शून्यने जिंकलो. कुवेतमध्ये हवा कशी आहे? आपला, योहान, सेक्रेटरी आणि होडी."

मी हसून खुर्चीवरून पडायचा राहिलो. तो चहा पिणारा होडीवालाच क्लबचा सेक्रेटरी होता, आणि त्याला वाटलं होतं, खाली सही केलीय ती सुकती नावाच्या गृहस्थाने. मी म्हटलं, याकूबभाई, चूक झाली, त्याला खरं नाव कळवू. त्यांनी उत्तर पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "राहू दे. याकूब होडेकर नावाच्या माणसाचं कोण ऐकतंय? सुकतीचं ऐकला."

मग घरच्या मैदानावरच्या प्रत्येक सामन्याआधी मिस्टर सुकतीचा सल्ला जाऊ लागला. कधी लागू पडायचा, कधी नाही. नाणं काही याकूबभाईंच्या हातात नव्हतं. बाहेरच्या सामन्यांना त्यांना तिथला समुद्र माहीत नसे, तेव्हा करण्यासारखं एवढंच उरायचं, मफलर घालायचा. सकारवाडी तळापासून एक जागा वर सरकली. पण लीगमधले शेवटचे दोन क्लब वर्षअखेर खालच्या लीगमध्ये जातात, आणि सकारवाडी अजून त्या दोघांतच होती.

खाली जाणं म्हणजे काय, तेही योहानने कळवलं होतं. खालच्या लीगचे सामने फोनवर दाखवत नाहीत. तिथे कॅमेराच नसतो. म्हणजे सकारवाडी बुडाली, तर याकूबभाईंच्या डोळ्यांसमोरून ती कायमचीच जाणार होती. मैदान, धक्का, होडी, सगळंच.

आणि नेमकं मे महिन्यात त्यांच्या हातात पत्र पडलं. वय साठच्या पुढे गेलेलं, इकामा संपत आलेला, म्हणजे इथे राहण्याचा परवाना. दवाखाना तो नव्याने काढणार नव्हता. जूनअखेर शेवटचा दिवस. पत्रात सेवेबद्दल आभार वगैरे होते. प्लास्टर रूममध्ये ते पत्र त्यांनी कोरड्या पट्ट्यांच्या डब्याखाली ठेवलं आणि आलेल्या पेशंटला विचारलं, "कुठं निघाला होता?"

दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "घरी जायचंच हाय मना. जैनब, माझी बायको, वाट बगते. खाडीत होडी हाय. पण अर्ध्या सीझनला नाय जाणार. अर्ध्यातून उठवून नेतात तो आजारी माणूस. मी काय आजारी हाय?"

मुदत वाढवून मागायचा फॉर्म असतो. त्यात दोन रकाने, कुठल्या तारखेपर्यंत आणि कारण काय. याकूबभाईंनी पहिल्या रकान्यात लिहिलं, ऑक्टोबर एंड. दुसऱ्यात लिहिलं, फुटबॉल. मी हात जोडले. म्हटलं, पर्सनल लिहा, फॅमिली लिहा, गुडघा लिहा, गुडघ्याचा एक्स-रे मी काढून देतो. त्यांनी ऐकलं नाही. म्हणाले, खरं कारण लाजण्यासारखं असतं तर खोटं लिहिलं असतं.

फॉर्म गेला मुदीरकडे. अरबीत मॅनेजरला मुदीर म्हणतात; आमच्या मुदीरचं नाव सांगत नाही, माणूस अजून तिथेच आहे आणि मीसुद्धा. कैरोचा, उंचापुरा, एका मोठ्या स्पॅनिश क्लबचा भक्त. टेबलावर त्या क्लबचा पेन ठेवायचा स्टँड. त्याने फॉर्म वाचला आणि हसून हसून डोळे पुसले. मग म्हणाला, एक पैज लावू. तुझा संघ वरच्या लीगमध्ये टिकला तर आणखी एक वर्ष ठेवतो. खाली गेला तर दुसऱ्या दिवशी विमानात.

आता मी तिथे दारातच उभा होतो, मला वाटलं, सुटला बाबा. याकूबभाई म्हणाले, "साब, मेरी नौकरी आपके हाथ में है. मेरी टीम आपके हाथ में नहीं है." आणि पैज न लावता बाहेर आले. मी त्यांच्यावर चिडलो. त्यांनी मला विचारलं, सकारवाडीचे अकरा जण मैदानात पळतात ते याच्या टेबलावर ठेवायला काय?

फॉर्म नामंजूर झाला. याकूबभाईंनी त्याचं उत्तर त्यांच्या पद्धतीने दिलं. प्लास्टर घातलं की त्यावर ते मार्करने ते काढायची तारीख लिहीत. आता तारखेशेजारी एक छोटीशी होडी काढू लागले. स्कारविकच्या बिल्ल्यावर होडी आहे. महिन्याभरात अशी अवस्था झाली, की साल्मियाच्या मॉलमध्ये, फहाहीलच्या मासळी बाजारात, कुठेही एखादा हात गळ्यात अडकवलेला माणूस दिसावा आणि त्याच्या मनगटावर होडी असावी. त्या उन्हाळ्यात सकारवाडीचे निम्मेअधिक पाठीराखे कुवेतमध्ये हाडं मोडून फिरत होते, आणि त्यातल्या एकालाही ते माहीत नव्हतं.

मुदीरने लेखी समज दिली. प्लास्टरवर चित्रं काढू नयेत. याकूबभाईंनी पोच म्हणून सही केली आणि सहीशेजारी होडी काढली.

यापुढचं मी सांगतो ते लोकांना खोटं वाटतं. माझ्याकडे एक्स-रे आहे म्हणून सांगतो. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मुदीर पॅडल खेळायला गेला, म्हणजे काचेच्या भिंतींच्या आत खेळायचं टेनिस. कुवेतमध्ये सध्या ज्याला त्याला पॅडलचं वेड लागलंय. तिथे तो काचेच्या भिंतीवर जाऊन आपटला आणि उजवं मनगट मोडून घेतलं. फोटो मी काढला. खुर्ची मी ढकलली. भिंतीपलीकडून आवाज आला, "काय आणलाव, फोटोवाले?"

मुदीरचा चेहरा पांढरा पडलेला. याकूबभाईंनी कोपराने पाणी बघितलं. जरा थंड होतं, थोडं गरम घातलं. मग विचारलं, "कहाँ निकले थे, साब?"

मुदीर म्हणाला, खेळायला. मग पट्टीकडे बघत म्हणाला, खेळायला म्हणजे, बायको सहा महिने झाले कैरोला गेलीय, संध्याकाळी घरी जायला नको वाटतं. याकूबभाईंनी मान हलवली. इतकं हलक्या हाताने घातलेलं प्लास्टर मी त्यांच्याकडूनसुद्धा पाहिलं नव्हतं. डॉक्टरांनी चार ते सहा आठवडे सांगितलं होतं. तारीख लिहिताना याकूबभाईंनी 'चार ते' गाळलं. आणि शेजारी होडी काढली.

गंमत अशी, की कामावरून मोकळं करण्याच्या कागदावर मुदीरचीच सही लागते, आणि ती सरकारी कचेरीतल्या नमुन्याशी जुळावी लागते. सही करणारा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. डाव्या हाताने केलेली सही कचेरीने दोनदा परत पाठवली. मंदूब, म्हणजे दवाखान्याचे सरकारी कागद घेऊन फिरणारा आमचा माणूस, तिसऱ्यांदा जायला तयार होईना. जून संपला. जुलै लागला. याकूबभाई रोज येऊन बादली भरत होते, आणि पेशंट नसला की सकारवाडीचे जुने सामने काढून होडी बघत होते.

ऑगस्टच्या सुरुवातीला ते प्लास्टर निघालं. करवतीने कापून दोन तुकडे केल्यावर मुदीरने होडीचा तुकडा उचलला. सहा आठवडे विचारावंसं वाटत होतं, ते त्याने शेवटी विचारलं. हे लोक कोण आहेत, कुठे राहतात, किती सामने उरलेत? याकूबभाईंनी त्याला शेजारी बसवून अख्खा एक सामना दाखवला. सकारवाडी त्यात चार गोलने हरली होती. मुदीर वर गेला, आणि बऱ्या झालेल्या हाताने पहिली सही केली ती याकूबभाईंच्या फॉर्मवर. ऑक्टोबर एंड. कारणाचा रकाना त्याने जसाच्या तसा ठेवला.

शेवटचा सामना ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी होता, घरच्या मैदानावर. बरोबरी झाली असती तरी सकारवाडी टिकली असती. आम्ही फहाहीलच्या फ्लॅटवर जमलो. गावची चार माणसं, मी, आणि दुपारी चारला तीन जिने चढून धापा टाकत आलेला मुदीर, हातात बकलाव्याचा डबा. गादीवर मांडी घालून बसता येईना, म्हणून त्याला तांदळाच्या डब्यावर बसवलं. याकूबभाई मफलर बांधून मध्ये. सल्ला आदल्या दिवशीच गेला होता. पण नाणं पाहुण्यांनी जिंकलं, आणि त्यांनी डोंगराकडची बाजू घेतली.

"त्यांना पण कोणतरी सुकती भेटला," याकूबभाई म्हणाले.

पहिल्या हाफमध्ये वारा तोंडावर असूनही सकारवाडीच्या सुताराने गोल केला. हाफटाइमच्या आधी पाहुण्यांनी फेडला. एक-एक. दुसऱ्या हाफला दहा मिनिटं झाली आणि होडीचं तोंड वळलं. याकूबभाईंनी बोट दाखवलं. थोड्या वेळात कोपऱ्यातले झेंडे उलटे झाले. आता सकारवाडी पुन्हा वाऱ्याच्या तोंडावर होती. त्यांचा गोलकीपर जीव खाऊन लांब मारायचा आणि चेंडू वर जाऊन, विचार करून, परत त्याच्याकडेच यायचा. पंचाऐंशीव्या मिनिटापर्यंत त्यांनी हे सोसलं. मग असाच एक परत आलेला चेंडू पाहुण्यांच्या उंच गड्याच्या डोक्यावर पडला. दोन-एक.

शेवटच्या मिनिटाला शाळामास्तरने वीस यार्डांवरून मारला. मी उठून उभा राहिलो. चेंडू बारच्या वर चार बोटं गेला, धक्क्यावरून उडाला आणि समुद्रात पडला. योहानने चहाचा मग खाली ठेवला. दोर सोडला. तो निघाला आणि मागे रेफरीने शिट्टी वाजवली. सामना संपला, सीझन संपला, सकारवाडी खाली गेली.

मैदानात खेळाडू जिथे होते तिथे बसले. मुदीरने चेहरा हातात घेतला. याकूबभाई मात्र फोनच्या अगदी जवळ सरकले होते.

"बगा," ते म्हणाले. "मॅच संपली. तरी गेला."

सुकतीचं पाणी चेंडू लांब ओढत होतं आणि ती होडी त्याच्या मागे जात होती. कॅमेऱ्यावाल्यालाही दुसरं दाखवण्यासारखं काही नव्हतं, तो तेच दाखवत राहिला. होडी लहान झाली, थांबली, जाळीची पिशवी खाली-वर झाली. परत वळली. ती धक्क्याला लागायच्या आत प्रक्षेपण बंद पडलं.

याकूबभाईंनी पहिल्यांदाच स्वतः इंग्रजीत संदेश लिहिला. दोन शब्द. बॉल सेफ? आम्ही बकलाव्याचा डबा मध्ये ठेवून वाट बघत बसलो, आणि कुणी तो उघडला नाही. अर्ध्या तासाने उत्तर आलं. चेंडू सुखरूप आहे. पुढच्या वर्षी आमच्याकडे कॅमेरा नसेल, पण होडीत मी असेन आणि माझ्याकडे फोन आहे. तुम्हाला होडीतून दाखवीन. तसंही तुम्ही सामना कधी बघत नव्हता. सोबत एक फोटो. त्याच होडीला नवा पांढरा रंग दिलेला, आणि तोंडाशी निळ्या अक्षरांत लिहिलेलं, SUKTI.

याकूबभाईंनी फोटो मोठा केला, लहान केला. मग हसायला लागले. गावचे चौघेही हसायला लागले. मुदीर आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. शेवटी त्यांच्यातल्या एकाने डोळे पुसत सांगितलं, की होडीला सुकती असं नाव आमच्या बंदरात कुणी ठेवलं असतं तर म्हाताऱ्यांनी ती पाण्यात उतरवू दिली नसती.

मुदीरने विचारलं, याचा अर्थ काय?

"पानी जा रहा है, साब," याकूबभाई म्हणाले. "गया नहीं."

मी पुन्हा एकदा म्हटलं, आतातरी त्याला खरं नाव कळवा. ते म्हणाले, "आता कसं? होडीला रंग दिलाय." आणि बकलाव्याचा डबा उघडला.

महिनाअखेर मी त्यांना विमानतळावर सोडायला गेलो. दोन बॅगा, एक प्लास्टर कापायची जुनी कात्री, मुदीरने दिलेला पेन ठेवायचा स्पॅनिश क्लबचा स्टँड. तो त्यांनी जैनबभाभींना लाटणं ठेवायला घेतला होता. मफलर गळ्यात. मार्चपर्यंत खाडीतल्या होडीची डागडुजी करायची, मग सीझन सुरू झाला की तीत बसून योहानच्या होडीतला सामना बघायचा, असा बेत मला दोनदा सांगून झाला होता. गावात नेटवर्क येतं का, मी विचारलं. घरात येत नाय, म्हणाले. खाडीच्या मध्यावर येतं.

आतल्या दाराशी मशीन होतं. तिथल्या शिपायाने मफलर काढायला सांगितला. याकूबभाईंनी त्याला काहीतरी समजावलं, मग मफलर काढून, नीट घडी करून ट्रेमध्ये ठेवला. ट्रे आत सरकला. मी काचेपलीकडून बघत होतो. वीस वर्षं हेच काम करतोय, मला माहीत होतं, त्या पडद्यावर आता पट्ट्याचं बक्कल दिसत असेल, फोन दिसत असेल, किल्ल्या दिसत असतील. लोकर एक्स-रेत दिसत नाही. पडद्यावर बघणाऱ्याच्या लेखी त्या ट्रेमध्ये मफलर नव्हताच.

पलीकडून ट्रे बाहेर आला. याकूबभाईंनी पट्ट्याला हात लावला नाही, फोनला लावला नाही. एका हाताने घसरणारी पँट धरून ठेवली आणि दुसऱ्या हाताने आधी मफलर गुंडाळला, दोन वेढे, आणि टोक खांद्यावरून मागे टाकलं.